स्वादुपिंडाचा दाह: जगभरातला भार आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदयविकार, मधुमेह, कर्करोग यांच्याबद्दल घरोघरी बोललं जातं. स्वादुपिंडाच्या दाहाचं नाव मात्र बहुतेक कुटुंबांना पहिल्यांदा कळतं ते घरातलं कुणी पोट धरून रुग्णालयात दाखल झाल्यावर. डॉक्टर त्याला पॅन्क्रियाटायटिस म्हणतात, नातेवाईक एकमेकांना फोनवर 'पॅन्क्रियाला सूज आलीय' असं सांगतात, आणि मग रात्रभर मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. त्या शोधाशोधीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही प्रश्न रुग्णाच्या खाटेजवळचे आहेत, काही जगाच्या आकडेवारीचे. माझ्या मते दोन्ही एकत्रच वाचायला हवेत. या आजारात सार्वजनिक आरोग्यव्यवस्था जिथे कमी पडते, तिथेच रुग्णाला दुसरा अटॅक येतो.

स्वादुपिंडाचा दाह म्हणजे नेमकं काय होतं?

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवी असलेली साधारण १५ सेंटीमीटर लांबीची ग्रंथी आहे. ती इन्सुलिन बनवते आणि अन्न पचवणारा रसही बनवते. या रसातली एन्झाइम्स ग्रंथीत असताना निष्क्रिय असतात आणि लहान आतड्यात पोहोचल्यावर कामाला लागतात. दाहात ती आतच जागी होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. हे १८९६ साली हान्स कियारी या विकृतिशास्त्रज्ञांनी मांडलं. त्याआधी १८८९ मध्ये बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं होतं.

बेंबीच्या वर अचानक सुरू होणारी, तासन्‌तास न थांबणारी, पाठीत जाणारी कळ हे मुख्य लक्षण. सोबत उलट्या. पुढे वाकून बसल्यावर थोडं बरं वाटतं. आपल्याकडे अशी कळ बऱ्याचदा 'ॲसिडिटी' समजून सोडा किंवा गोळी घेऊन काढली जाते. कळ तीव्र असेल आणि काही तासांत ओसरली नाही, तर घरी थांबू नका.

निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अशा प्रकारची वेदना, रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, आणि सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयमध्ये दिसणारी सूज.

दाह अचानक येऊन ओसरला तर तो तीव्र दाह. ग्रंथी हळूहळू घट्ट होत, चुना साठत, कायमची निकामी होत गेली तर तो जुनाट दाह. व्यवहारात या दोघांमध्ये भिंत नाही. पहिल्यातून दुसऱ्यात जाणारे बरेच असतात, त्याबद्दल पुढे येईलच.

जगात दरवर्षी हा आजार किती लोकांना होतो?

'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' हा जगभरच्या आजारांचा हिशेब ठेवणारा मोठा प्रकल्प आहे. त्याच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात तीव्र दाहाचे सुमारे २८ लाख नवे रुग्ण होते आणि सुमारे १ लाख १५ हजार लोक या आजाराने दगावले. २०२१ साठीच्या अंदाजात मृत्यूंचा आकडा १ लाख २२ हजारांच्या आसपास आहे. दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण ३४-३५ नवे रुग्ण असं हे प्रमाण पडतं. जुनाट दाहाचे नवे रुग्ण दर लाखामागे १० च्या आसपास असतात.

हृदयविकाराशी तुलना केली तर हे आकडे लहान वाटतील. पण २८ लाख म्हणजे २८ लाख वेळा कुणीतरी तातडीने रुग्णालयात दाखल होणं, कारण हा आजार घरी बसून बरा करण्यातला नाही. अमेरिकेत पोटाच्या विकारांमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याच्या प्रमुख कारणांत तो मोडतो. तिथे वर्षाला पावणेतीन लाखांच्या आसपास रुग्ण यासाठी भरती होतात.

प्रमाण वाढतंय की कमी होतंय? दोन्ही बातम्या वाचायला मिळतात.

दोन्ही खऱ्या आहेत. १९९० मध्ये जगात सुमारे १७ लाख नवे रुग्ण होते, २०१९ मध्ये २८ लाख. तीस वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त वाढ. पण याच काळात जगाची लोकसंख्याही वाढली आणि माणसं जास्त वर्षं जगू लागली. वयाचा आणि लोकसंख्येचा परिणाम बाजूला काढला, तर दर लाखामागचं प्रमाण किंचित उतरलेलं दिसतं, ३८ वरून ३५ च्या आसपास. मृत्युदर त्याहून जास्त उतरला आहे, याचं श्रेय बऱ्याच अंशी सुधारलेल्या अतिदक्षता उपचारांना जातं.

रुग्णालय चालवणाऱ्याला मात्र दर लाखाचं प्रमाण उपयोगी नाही. त्याला प्रत्यक्ष खाटा लागतात. आणि पश्चिमेकडच्या देशांत तर प्रमाणही चढतंच आहे. तिथल्या गेल्या सहा दशकांच्या नोंदी एकत्र पाहिल्या, तर नव्या रुग्णांचा दर वर्षाला सरासरी तीन टक्क्यांनी वाढलेला दिसतो. लठ्ठपणा आणि त्यासोबत येणारे पित्ताशयातले खडे हे त्यामागचं मोठं कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०२२ मध्ये जगातली दर आठांपैकी एक व्यक्ती लठ्ठ होती. म्हणजे हा आलेख लवकर खाली येईल असं मानायला जागा नाही.

सर्वांत जास्त भार कोणत्या देशांवर आहे?

प्रमाणाच्या दृष्टीने पूर्व युरोप. तिथे या आजाराने होणारे मृत्यूही जगाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहेत आणि त्यात कामकरी वयाचे पुरुष मोठ्या संख्येने आहेत. कारण उघड आहे: व्होडका आणि घरगुती दारू, तीही एका बैठकीत भरपूर पिण्याची पद्धत. रशियाने यावर काही पावलं उचलली. व्होडकाची किमान किंमत ठरवली, रात्रीच्या विक्रीवर बंधनं आणली, जाहिराती रोखल्या. २००३ ते २०१६ या काळात तिथलं दरडोई मद्यसेवन ४३ टक्क्यांनी घटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवलं आहे. दारूवरचा कर आणि दुकानाची वेळ या गोष्टी अर्थखात्याच्या वाटतात, पण जिथे निम्मे रुग्ण दारूमुळे येतात तिथे स्वादुपिंडावरचा सर्वांत मोठा उपचार तोच आहे, असं मला ठामपणे वाटतं.

लॅटिन अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे खडे हे मुख्य कारण. चिलीसारख्या देशात पित्ताशयाच्या खड्यांचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी आहे, विशेषतः मूळनिवासी वंशाच्या स्त्रियांमध्ये.

एकूण रुग्णसंख्येत भारत आणि चीन वर येतात, ते प्रामुख्याने अवाढव्य लोकसंख्येमुळे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. लोकसंख्येवर आधारित पक्क्या नोंदी मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेत होतात. आफ्रिकेचे आणि आशियाच्या बऱ्याच भागाचे आकडे गणिती अंदाजातून काढलेले असतात. ज्या तालुक्यात लायपेजची तपासणीच होत नाही, तिथे पॅन्क्रियाटायटिसचा मृत्यू 'पोटदुखीने गेला' एवढाच नोंदवला जातो.

केरळचं नाव या आजाराच्या चर्चेत नेहमी का येतं?

कारण जुनाट दाहाचा एक वेगळा प्रकार तिथे मोठ्या प्रमाणावर दिसला. १९५९ मध्ये झुइडेमा या डॉक्टरांनी इंडोनेशियातल्या कुपोषित रुग्णांत असा आजार नोंदवला. त्यानंतर केरळात डॉ. गीवर्गीस यांनी अशा शेकडो रुग्णांचा अभ्यास केला. दारूला कधी न शिवलेली मुलं, लहानपणापासून पोटात कळा, विशीच्या आत-बाहेर मधुमेह आणि एक्सरेमध्ये स्वादुपिंडात मोठमोठे खडे. अनेकांचं आयुष्य ऐन उमेदीत संपायचं. दक्षिण भारतात जुनाट दाहाचं प्रमाण दर लाखामागे ११४ ते २०० इतकं असल्याचं नंतरच्या पाहण्यांत आढळलं. पाश्चात्त्य देशांत ते साधारणपणे पन्नासच्या आत असतं.

बराच काळ संशय टॅपिओका या कंदावर होता. केरळच्या गरिबांचं ते मुख्य अन्न, आणि त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. हे कारण इतकं पटण्यासारखं होतं की ते पाठ्यपुस्तकांतही गेलं. पण टॅपिओका न खाणाऱ्या भागांतही असेच रुग्ण सापडले, आणि आफ्रिकेत जिथे तो पोटभर खाल्ला जातो अशा कित्येक ठिकाणी ते सापडले नाहीत. पुढे हैदराबाद आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी दाखवलं की अशा रुग्णांपैकी अनेकांत स्पिंक-१ या जनुकात बदल असतो. हा जनुक एन्झाइम्सना आतल्या आत आवरणारं प्रथिन बनवतो. एकटा जनुक पुरेसा नाही, कारण तोच बदल घेऊन निरोगी जगणारेही आहेत. जनुक, आहारातली कमतरता आणि परिसर यांचं मिळून हे घडत असावं, असं आज मानलं जातं.

आताचे केरळी रुग्ण पूर्वीपेक्षा मोठ्या वयात आजारी पडतात आणि जास्त जगतात. पोषण सुधारलं, इन्सुलिन मिळू लागलं. एखाद्या आजाराचा भार औषधाचा शोध लागण्याआधीच कसा हलका होऊ शकतो, याचं हे ठळक उदाहरण आहे आणि त्याची जितकी चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही.

कारणं कोणती? आमच्या घरात कुणी दारू पीत नाही, तरी हा आजार कसा?

हा प्रश्न विचारताना अनेकांच्या आवाजात अपमान असतो. नातेवाइकांत कुजबुज होते, 'लपूनछपून घेत असेल.' कृपया असं करू नका. जगभरात तीव्र दाहाचं पहिल्या क्रमांकाचं कारण पित्ताशयातले खडे हे आहे. छोटा खडा पित्तनलिकेत घसरतो, जिथे ती स्वादुपिंडाच्या नलिकेला मिळते तिथे अडकतो, आणि दाह सुरू होतो. चाळिशीच्या पुढच्या स्त्रिया, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, झपाट्याने वजन घटवणारे लोक यांच्यात खडे जास्त आढळतात.

दारू दुसऱ्या क्रमांकावर. हे दोन मिळून बहुतेक ठिकाणी साठ ते ऐंशी टक्के रुग्णांचा हिशेब लागतो.

तिसरं कारण आपल्याकडे दुर्लक्षित राहतं: रक्तातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबी. १५० च्या आत असायला हवं ते हजाराच्या वर गेलं की धोका सुरू होतो. अनियंत्रित मधुमेहात हे घडतं. रक्त काढल्यावर ते दुधाळ दिसलं, तर प्रयोगशाळेतला तंत्रज्ञही सावध होतो.

बाकीची कारणं थोडक्यात: रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम, ॲझाथायोप्रिन आणि व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं, पोटाला जोरदार मार, गालगुंड, आणि ईआरसीपी ही पित्तनलिकेची दुर्बीण तपासणी. ईआरसीपीनंतर होणारा दाह टाळण्यासाठी गुदमार्गे इंडोमेथासिनची गोळी देतात. २०१२ मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत जास्त धोका असलेल्या रुग्णांत हे प्रमाण जवळपास १७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. औषध स्वस्तातलं आहे. तुमची ईआरसीपी ठरली असेल तर त्याबद्दल विचारायला संकोच करू नका.

काही कारणं त्या त्या मातीची असतात. काश्मीरमध्ये पोटातले मोठे जंत नलिकेत शिरून दाह झाल्याचे अनेक रुग्ण श्रीनगरच्या डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी नोंदवले आहेत. शाळाशाळांतून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना मिळणारी अल्बेंडॅझोलची गोळी अशा आजारांनाही आळा घालते. त्रिनिदादमध्ये तिथल्या एका विंचवाच्या दंशाने स्वादुपिंडाचा दाह होतो. आपल्या कोकणातला लाल विंचू वेगळा, त्याचं विष मुख्यतः हृदयावर घाव घालतं, आणि त्यावरच्या उपचारासाठी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर जगभर ओळखले जातात.

सिगारेट-विडीचा यात काय संबंध?

थेट संबंध आहे. धूम्रपान हे दारूपासून स्वतंत्र असं कारण आहे, तीव्र आणि जुनाट दोन्ही दाहांचं. दारू सोडलेला रुग्ण 'आता एवढी एक सिगारेट तरी राहू दे' म्हणतो आणि घरचेही दया येऊन गप्प बसतात. ग्रंथीत चुना साठण्याची प्रक्रिया त्या सिगारेटने पुढे सरकत राहते, कर्करोगाचा धोकाही वाढतो.

हा आजार जिवावर बेततो का?

शंभरपैकी ऐंशीच्या आसपास रुग्णांत तो सौम्य असतो. ते आठवडाभरात घरी जातात. उरलेल्या वीसमधल्या काहींत मूत्रपिंड, फुप्फुसं किंवा रक्ताभिसरण कोलमडतं. हे कोलमडणं ४८ तासांहून जास्त टिकलं तर त्याला गंभीर स्वरूपाचा आजार म्हणतात, आणि त्या गटात साधारण तीनपैकी एक रुग्ण दगावू शकतो. एकूण रुग्णांतला मृत्युदर मात्र चांगल्या रुग्णालयांत पाच टक्क्यांच्या आत राहतो.

अडचण अशी की पहिल्या दिवशी सौम्य आणि गंभीर रुग्ण सारखेच दिसू शकतात. पहिले दोन-तीन दिवस लघवीचं प्रमाण, श्वासाची गती आणि नाडी यांच्यावर बारीक लक्ष ठेवावं लागतं. म्हणून 'सकाळी बरा होता, संध्याकाळी आयसीयूत नेला' असं घडलं, तर ती प्रत्येक वेळी डॉक्टरांची चूक नसते. तो या आजाराचा स्वभाव आहे.

यावर खास औषध आहे का?

नाही. इतक्या वर्षांच्या संशोधनानंतरही दाह थांबवणारं एकही औषध सिद्ध झालेलं नाही. उपचार म्हणजे वेदना कमी करणं, सलाईन, वेळेवर अन्न आणि गुंतागुंत झाली तर ती हाताळणं. पण या साध्या दिसणाऱ्या गोष्टींतच गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरंच शिकायला मिळालं आहे.

पूर्वी 'जितकं जास्त सलाईन तितकं चांगलं' असं मानत. 'वॉटरफॉल' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २४९ रुग्णांत हे तपासलं गेलं. भरपूर सलाईन दिलेल्या गटात शरीरात पाणी साचण्याचं प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं, मोजून दिलेल्या गटात ते सहा टक्के होतं, आणि फायदा काहीच दिसला नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

पूर्वी रुग्णाला दिवसेंदिवस उपाशी ठेवत. आता सौम्य आजारात भूक लागली की हलकं अन्न सुरू करतात. तोंडाने जमत नसेल तर नाकातून नळी घालून आतड्यात अन्न देतात, कारण आतडं रिकामं राहिलं की जंतुसंसर्ग वाढतो.

अँटिबायोटिक्स संसर्ग झाला असेल तरच द्यायची असतात. 'संसर्ग होऊ नये म्हणून' दिल्याने फायदा होत नाही. तरीही ती सर्रास दिली जातात आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढण्याचा भार सगळ्या समाजावर पडतो.

ग्रंथीचा भाग मरून त्यात पू झाला, तर पूर्वी पोट उघडून सगळं काढत. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या एका चाचणीने दाखवलं की आधी नळी घालून पू बाहेर काढावा, गरज पडली तरच पुढची पायरी घ्यावी. अशाने मोठ्या गुंतागुंती कमी झाल्या आणि एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांना फक्त नळीवरच भागलं. ही पद्धत आता जगभर मान्य आहे. मात्र त्यासाठी एंडोस्कोपी, सीटीच्या मदतीने नळी घालणारे तज्ज्ञ आणि आयसीयू एकाच छताखाली लागतात. असं छत जिल्ह्याच्या ठिकाणी क्वचितच असतं. एकाच आजारात दोन रुग्णांचं नशीब त्यांच्या पत्त्यावर ठरतं ते इथे.

पुन्हा अटॅक येऊ नये म्हणून काय करायचं?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि रुग्णालयातून सुट्टी मिळताना तोच विचारायचा राहून जातो. पहिल्या अटॅकनंतर साधारण पाचांपैकी एकाला दुसरा येतो. पहिल्यानंतर सुमारे दहा टक्के रुग्णांचा आजार पुढे जुनाट होतो. वारंवार अटॅक येणाऱ्यांत हे प्रमाण छत्तीस टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे दुसरा अटॅक अडवला की मधुमेह, अपचन, सततची वेदना, बुडालेली नोकरी ही पुढची सगळी मालिका बऱ्याच जणांत अडते. हे करायला नवं तंत्रज्ञान लागत नाही.

कारण खडे असतील तर पित्ताशय काढावं लागतं. प्रश्न कधी काढायचं हा असतो. 'आता घरी जा, सूज उतरली की दीड महिन्याने या' असं सांगण्याची पद्धत जगभर होती, अजूनही आहे. नेदरलँड्समधल्या २३ रुग्णालयांनी २६६ सौम्य रुग्णांवर हे तपासलं आणि २०१५ मध्ये निकाल जाहीर केले. त्याच भरतीत दुर्बिणीने पित्ताशय काढलेल्या गटात खड्यांमुळे पुन्हा त्रास झालेले किंवा दगावलेले पाच टक्के होते. घरी पाठवून नंतर बोलावलेल्या गटात हेच प्रमाण सतरा टक्के. शस्त्रक्रिया अवघड झाली असंही दिसलं नाही. त्यामुळे आजार सौम्य असेल तर सुट्टीआधी सरळ विचारा: 'याच भरतीत पित्ताशय काढता येईल का? नसेल तर का नाही?' ग्रंथीभोवती द्रव साठलं असेल किंवा आजार गंभीर असेल तर थांबणंच योग्य, आणि डॉक्टर तसं सांगतील. पण शस्त्रक्रियागृहाची तारीख नाही म्हणून रुग्णाला घरी पाठवलं जात असेल, तर ती व्यवस्थेची उणीव आहे आणि तिची किंमत रुग्ण मोजतो.

कारण दारू असेल तर नुसतं 'आता सोडा बरं का' पुरत नाही. फिनलंडमधल्या टॅम्पेरे इथे १२० रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. सगळ्यांना रुग्णालयात असताना एकदा समुपदेशन मिळालं. निम्म्यांना पुढे दर सहा महिन्यांनी बोलावून पुन्हा बोललं गेलं. दोन वर्षांत एकदाच समुपदेशन झालेल्या ६१ जणांपैकी १३ जणांना पुन्हा अटॅक आला, वारंवार बोलावलेल्या ५९ जणांपैकी ५ जणांना. हे काम प्रशिक्षित नर्सनेच केलं होतं. सहा महिन्यांनी एक भेट एवढाच त्याचा खर्च. आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या वॉर्डातून घरी जाणाऱ्या किती रुग्णांच्या हातात व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला जातो? महाराष्ट्रात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठीतल्या सभा होतात, पुण्यात मुक्तांगणसारखं केंद्र १९८६ पासून आहे. पत्ता कुणी दिला नाही तर मागून घ्या.

कारण ट्रायग्लिसराइड असेल तर साखर आटोक्यात, तूप-तेल मोजून आणि गोळी रोज. बरं वाटलं म्हणून ती बंद करायची नाही.

आणि कारण सापडलंच नाही तर? तर सोनोग्राफी पुन्हा करावी. पहिल्या वेळी न दिसलेले बारीक खडे दुसऱ्या वेळी दिसतात.

अटॅक गेला, रिपोर्ट नॉर्मल आले. आता विसरून जायचं का?

नको. साधारण चार-पाच रुग्णांपैकी एकाला पुढच्या काही वर्षांत मधुमेह होतो, सौम्य अटॅकनंतरही होतो. त्यामुळे निदान वर्षातून एकदा साखर तपासा. हा मधुमेह नेहमीच्या टाइप २ पेक्षा वेगळा आहे, पण बहुतेक वेळा त्याच्यावर टाइप २ चंच लेबल लागतं. यात इन्सुलिन कमी पडतंच, शिवाय साखर सावरणारा ग्लुकागॉन हा संप्रेरकही कमी पडतो, त्यामुळे साखर एकदम खाली जाण्याचा धोका जास्त. मधुमेहाच्या डॉक्टरांना 'मला पॅन्क्रियाटायटिस झाला होता' हे आवर्जून सांगा.

दुसरी गोष्ट पचनाची. शौचाला तेलकट, फिकट, फार वास येणारी होऊ लागली आणि वजन घटू लागलं, तर एन्झाइम कमी पडत आहेत. त्यासाठी कॅप्सूल मिळतात. त्या जेवताना, घासांबरोबर घ्यायच्या. उपाशीपोटी घेतल्या तर वाया जातात. त्या बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवलेल्या असतात. धार्मिक कारणाने अडचण असेल तर परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. पचन बिघडलं की ड जीवनसत्त्वही शोषलं जात नाही आणि हाडं ठिसूळ होतात.

जुनाट दाह असलेल्यांत वीस वर्षांत सुमारे चार टक्के लोकांना स्वादुपिंडाचा कर्करोग होतो. घाबरून जाण्याइतका तो आकडा नाही. मात्र वजन अचानक उतरू लागलं किंवा कावीळ दिसली तर ताबडतोब तपासून घ्यावं.

खर्चाचं काय?

सौम्य अटॅक असेल तर चार-सहा दिवसांची भरती. गंभीर असेल तर आयसीयू, वारंवार सीटी, नळ्या, कधी कधी दोन-दोन महिने. अमेरिकेने २०१२ साली तीव्र दाहाच्या भरतीवर सुमारे २६० कोटी डॉलर खर्च केले. आपल्याकडे हा खर्च बहुतांश घराच्या खिशातून जातो, आणि रुग्ण बऱ्याचदा घरातला कमावता पुरुष असतो. एकीकडे मिळकत थांबते, दुसरीकडे बिल वाढतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. भरती झाल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांना भेटून रेशनकार्ड दाखवा आणि हा आजार व त्याच्या शस्त्रक्रिया कोणत्या पॅकेजमध्ये बसतात ते विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.

जागतिक हिशेबात अशा बुडालेल्या वर्षांचंही मोजमाप होतं. अकाली मृत्यू आणि अपंगत्व मिळून २०१९ मध्ये या आजाराने जगाची सुमारे ३६ लाख निरोगी वर्षं हिरावली.

वजन कमी करण्याच्या नव्या इंजेक्शनांमुळे हा आजार होतो का?

सेमाग्लुटाइड आणि त्याच्यासारख्या औषधांच्या माहितीपत्रकात पॅन्क्रियाटायटिसचा इशारा असतो. मोठ्या चाचण्यांत धोका ठळकपणे वाढलेला दिसलेला नाही. पण या औषधांमुळे पित्ताशयाचे विकार थोडे वाढतात, आणि वजन झपाट्याने उतरलं तरी खडे होतात. पूर्वी अटॅक येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ही इंजेक्शनं घेऊ नका. ऑनलाइन मागवून तर मुळीच नाही.

वडिलांना जुनाट दाह आहे. मुलांची तपासणी करावी का?

वडिलांचा आजार दारू किंवा खड्यांमुळे असेल तर जनुक तपासणीची गरज नसते. मात्र आजार विशी-पंचविशीच्या आत सुरू झाला असेल, किंवा घरात दोन-तीन जणांना असेल, तर पोटविकारतज्ज्ञांशी बोलून जनुक तपासणीचा विचार करावा. आनुवंशिक दाहाला कारणीभूत असलेला पहिला जनुक १९९६ मध्ये सापडला. तो बदल असलेल्या व्यक्तीला कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा खूप जास्त असतो, आणि धूम्रपानाने तो आणखी वाढतो. अशा घरातलं मूल वारंवार पोट दुखतं म्हणत असेल, तर शाळा चुकवण्याचा बहाणा समजू नका. कळ चालू असतानाच त्याचं रक्त लायपेजसाठी द्या. कळ ओसरून काही दिवस गेले की लायपेज पुन्हा नॉर्मल दिसू शकतं.